कापूस आल्यावरचा आवाज

लग्नासाठी हॉल बघायला गेलेले लोक आधी स्वयंपाकघर बघतात, मग संडास, मग गाड्या लावायची जागा. मी हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि एक टाळी वाजवली.

"आई, लोक बघतात," नेहा म्हणाली. लग्न तिचं आहे, त्यामुळे लाजही तिलाच वाटली. लोक म्हणजे मॅनेजर आणि फरशी पुसणारी बाई.

टाळी वर पत्र्यापर्यंत गेली, पत्र्याखालून फिरली, मागच्या भिंतीवर आपटून परत आली. ती विरायच्या आत मी दुसरी वाजवली. दोन्ही एकमेकींत कालवल्या गेल्या. वर आता पांढरं कापड ताणलंय, झुंबरं टांगली आहेत, भिंती गुलाबी झाल्या आहेत. पण कापडाच्या फटीतून छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या दिसतात, त्या जुन्याच. चिखलीतलं हे मंगल कार्यालय म्हणजे पूर्वीच्या एका जिनचं, कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचं, कापूस ठेवायचं शेड. माझे वडील त्या जिनमध्ये दिवाणजी होते. आज जिथे नवरीची खोली आहे, तिथे आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. हे नेहाला सांगितलं तेव्हा तिनं त्या खोलीत एसी चालतो का ते बघितलं. बरोबरच आहे. तिच्या जागी मीही तेच बघितलं असतं.

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, घुमते म्हून टेन्शन घेऊ नका. डीजे लागला का काहीच समजत नाही."

"मला समजायला पाहिजे आहे," मी म्हटलं.

नेहाच्या लग्नात मला एक गाणं हवं आहे. एकच. माझ्याकडे ते कॅसेटवर आहे, पण अपुरं. शेवटचं कडवं त्यात नाही. ते पूर्ण ऐकून तीसेक वर्षं झाली असतील. ज्यानं ते रचलं आणि म्हटलं तो मिलिंद नोकरी आटोपून उंद्रीला परत आलाय. मी ठिबकच्या नळ्या आणि पंप विकते, त्यामुळे विहिरीवरच्या मोटारीचं काही बिघडलं की तो माझ्याच दुकानात येतो. गेल्या महिन्यात आला तेव्हा मी काउंटरवरूनच विचारून टाकलं. त्यानं हातातला व्हॉल्व्ह उलटासुलटा करून बघितला.

"म्हणीन," तो म्हणाला. "पण कुठी?"

मी कार्यालयाचं नाव सांगितलं. त्या तिथीला गावात दुसरं मोकळं नव्हतं.

"म्हणजे जिन."

"हो."

"रिकाम्या टिनाखाली म्या कधी शेवटचं कडवं म्हटलं का, दिवाणजी? आवाज आपटला तर पाहुण्यायसमोर खाली उतरून जाईन. मंग म्हणू नको सांगितलं नाही."

दिवाणजी म्हणजे मी. वडिलांचं पद त्यानं जिनच्या दिवसांतच मला चिकटवलं होतं, आणि वडील गेले, जिन बंद पडली, तरी त्याच्या तोंडून ते निघालं नाही. तो व्हॉल्व्ह घेऊन गेला. मी तारखेसाठी कार्यालय धरून ठेवलं आणि टाळी वाजवायला इथे आले.

जिनचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि उन्हाळ्यात संपतं. आषाढात शेड रिकामं असायचं. पूर्ण रिकामं नाही. कोपऱ्यात बोंडांचा पाचोळा, सरकीचे दाणे, फाटकी बारदानं राहायची. ओल लागली की त्या सगळ्याला एक वास सुटायचा, थोडा तेलकट, थोडा गंजका, भिजलेल्या सुतळीचा. अजूनही दुकानात नळ्यांचं बारदानात गुंडाळलेलं बंडल आलं आणि ते पावसात भिजलेलं असलं, की मी ते उघडण्याआधी जरा वेळ तसंच ठेवते. कामगाराला वाटतं, मी मोजते आहे.

त्याच आषाढात लग्नांची शेवटची तिथी संपायची आणि बँडवाल्यांचे लाल कोट डांबराच्या गोळ्या घालून पेटीत जायचे. ते निघायचे थेट तुळशीच्या लग्नानंतर. म्हणजे जिन रिकामी आणि बँडही रिकामा, अगदी त्याच महिन्यांत. हे दोन्ही एकत्र आणायचं डोकं संजूचं. संजू लग्नाच्या बँडमध्ये ताशा आणि ढोल वाजवायचा. त्यानं माझ्या वडिलांना विचारलं, बसू का आम्ही शेडमध्ये, दुपारचं? वडिलांनी एका अटीवर हो म्हटलं. पाऊस पडत असताना छत जिथे जिथे गळेल तिथे खाली खडूनं गोल करून ठेवायचा. दसऱ्याच्या आत पत्रे दुरुस्त व्हायला हवेत, नाहीतर कापूस भिजतो. हे भाडं त्या पोरांनी प्रामाणिकपणे दिलं. शेडची फरशी सप्टेंबरपर्यंत पांढऱ्या वर्तुळांनी भरून जायची, आणि त्या वर्तुळांच्या मधल्या कोरड्या जागेत ते वाजवायला बसायचे.

मी त्यांना शोधलं वगैरे नाही. बी.कॉम.चा अभ्यास होत नव्हता म्हणून मी त्यांना गप्प करायला गेले होते. बारदान डोक्यावर घेऊन चिखलातून शेडच्या दारापर्यंत गेले आणि आत बघितलं तर तिघं जण. संजूनं दोन ढोल, एक ताशा आणि झांजा लोखंडी स्टँडवर बांधून आपला ड्रमसेट केला होता. मोठ्या ढोलाला पायानं ठोकायचं यंत्र सायकलच्या पायडलपासून वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं होतं. सलीम पिंजाऱ्यांच्या घरातला, सकाळी गाद्या भरायचा आणि हंगामात बँडमध्ये मोठा पितळी भोंगा फुंकायचा, इथेही तोच. आणि मिलिंद. त्याच्याकडे अकोल्याच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणलेली इलेक्ट्रिक गिटार होती, आणि ती त्यानं लग्नाच्या गाडीवरच्या कर्ण्याला जोडली होती. कर्णा फाटका होता. त्यातून गिटार असा आवाज काढायची, जसं कोणी मांजरपाटाचा अख्खा तागा फाडत जातंय आणि त्या फाडण्यालाच चाल आहे.

"काय बे हे?" मी म्हटलं असावं. सभ्यपणे काही म्हटलं नव्हतं, एवढं नक्की.

"रॉक," संजू म्हणाला.

"शब्द कळत नाहीत."

"टिन कळू देत नाही," सलीम म्हणाला. "कापूस येऊ द्या. मंग या."

मला ते पटलं नाही. पण मी परत गेले तेव्हा अभ्यासाला बसले नाही, खिडकीत बसले. पत्र्यावर पाऊस, पत्र्याखाली ते तिघं, आणि सगळ्याचा मिळून एक गदारोळ. त्या गदारोळात काहीतरी होतं जे रेडिओवर नव्हतं, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नव्हतं. सलीमचा भोंगा जमिनीतून आल्यासारखा यायचा. आमच्या क्वार्टरमधल्या पितळी डब्यांची झाकणं त्यानं थरथरायची. माझी लहान बहीण मंगल त्या झाकणांवर सरकीचे दाणे ठेवायची, ते नाचताना बघायला.

बँडचं नाव सरकी. मिलिंदनं ठेवलं. रुई बाहेर जाते, सरकी इथंच राहते, म्हणून. त्यांच्या एका गाण्याचं धृपदही तेच होतं:

रुई गेली ममईले, सरकी राह्यली घरी,
मले इचारू नको माय, जाऊ कुठं तरी.

हेच ते गाणं.

मिलिंद संध्याकाळच्या एसटीनं उंद्रीला परत जायचा, कितीही रंगात आलेलं असो. आषाढी पौर्णिमेपासून तिकडे विहारात रोज ग्रंथवाचन असे आणि वाचायला तो होता. त्याची आई पहिल्या रांगेत बसायची म्हणे, आणि एक शब्द गिळला तरी त्याला थांबवून परत वाचायला लावायची. त्याच्या गाण्यातला प्रत्येक शब्द सुटा आणि धुतलेला असायचा, तो तिथून आला. जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर उभं राहून म्हणायची सवय होती, छाती तिथली. पत्र्याखाली मात्र दोन्ही वाया जायचं. तो शब्द सोडायचा, आणि पत्रा त्याचे चार करून परत फेकायचा.

एकदा त्यांना साखरखेर्ड्याच्या एका गणपतीत बोलावलं होतं. मीही गेले, मामाचं घर होतं तिथे, म्हणून परवानगी मिळाली. मंडळाच्या माणसानं माईकवर सांगितलं, आता सादर आहे चिखलीचा सुप्रसिद्ध ऑर्केस्ट्रा. लोक सरसावून बसले. माईकवाल्यानं पाहुण्यांचा मान म्हणून इको पूर्ण फिरवून ठेवला होता. आमच्याकडे तो मानच समजतात, कीर्तनकाराला, पुढाऱ्याला, सगळ्यांना देतात. मिलिंदनं पहिला शब्द म्हटला आणि तो गावाला प्रदक्षिणा घालून आला. मी उठले, माईकवाल्याच्या टेबलापाशी गेले आणि ते बटण शून्यावर आणलं.

"ओ बाई, साधं लागते ते," तो म्हणाला.

"साधंच पाहिजे."

त्यानं पुन्हा वाढवलं. मी पुन्हा कमी केलं. तेवढ्यात ते गाणं संपलं आणि पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "हे गाणं व्हय का भांडण?" त्यावर सगळे हसले, स्टेजवरचे तिघंही. मग फर्माइशी आल्या, नागिणीची धून वाजवा, आणि संजूनं खुशाल वाजवली. त्याला वाजवायला मिळालं की पुरे असायचं. परतताना जीपच्या टपावर भोंगा बांधलेला, आत आम्ही दाटीवाटीनं. उतरताना मिलिंद मला म्हणाला, "ते बटण तू बरं धरून ठेवलं." एवढंच.

दसरा झाला की कापूस यायचा. आधी दोन-चार बैलगाड्या, मग फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग. बैलांच्या शेणाचा, डिझेलचा, कोरड्या कापसाचा वास. नाकात बसणारी बारीक धूळ. वजनकाट्यावर वडिलांचा चढलेला आवाज. शेडमध्ये मागच्या भिंतीपासून ढीग लागायला सुरुवात व्हायची. पहिल्या ढिगानं काही फरक पडायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संजू ताशावर एक काडी मारून कान द्यायचा आणि मान हलवायचा, नाही, अजून नाही. मग कापूस मागची भिंत झाकायचा, बाजूच्या भिंतींवर चढायचा, आणि एखाद्या दुपारी तीच काडी तो मारायचा, आणि आवाज परत यायचा नाही. जायचा आणि कापसात शिरून बसायचा.

सलीम म्हणाला होता ते खरं होतं. अर्धं शेड कापूस झाला की तो गदारोळ सुटा व्हायचा, विस्कटलेला पसारा कोणी घड्या घालून ठेवावा तसा. भोंगा वेगळा, ढोल वेगळा, फाटक्या कर्ण्याची किनार वेगळी, आणि मधोमध मिलिंदचे शब्द, कोणीही न अडवलेले. मंगल आणि मी ढिगावर चढून बसायचो. कापसानं अंग खाजायचं, रात्री आई खोबरेल लावून रागवायची, दुसऱ्या दिवशी आम्ही परत तिथेच. शेवटचं कडवं तो फक्त तेव्हाच म्हणायचा. त्यात आवाज अगदी खाली आणावा लागतो, ढोल थांबतो, नुसता भोंगा धरून असतो, आणि तेवढं हलकं काही पत्र्यानं जगू दिलं नसतं. ते कडवं मी इथे लिहीत नाही. मला ते येतं, पण ते वाचायची गोष्ट नाही.

वर्षाकाठी हे दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. कापूस वाढत जायचा, बसायला जागा उरायची नाही, यंत्राची पूजा व्हायची, तिकडे तुळशीचं लग्न लागायचं आणि पेटीतून लाल कोट निघायचे. सरकी संपायची. पुढच्या आषाढापर्यंत.

शेवटच्या वर्षी मिलिंद नोकरीवर जाणार हे ठरलेलं होतं. मी घरातला टेपरेकॉर्डर नेला, नवी कॅसेट आणली. शेड बरोबर अर्धं भरलेलं. टेप कापसाच्या ढिगावर बारदान टाकून ठेवला, सलीमनं जागा दाखवली. त्या दिवशी यंत्राची पूजा होती. पट्टा संध्याकाळी फिरवणार असं वडील म्हणाले होते. तो लवकर फिरला. का, ते आता कोणाला विचारायचं. कॅसेटवर सगळं आहे: दोन कडवी, तिसऱ्याच्या आधी ढोल थांबतो, भोंगा उरतो, मिलिंद श्वास घेतो, आणि खालून जिनची घरघर चढत जाते. संजू तिच्या ठेक्यात चार ठोके देतो. सलीम भोंग्यातच हसतो. "उद्या करू बे," असं संजू म्हणतो आणि खट्.

दुसऱ्या दिवशी कापूस दारापर्यंत आला होता.

सलीम आता नाही. संजूचा मंडपाचा आणि साउंडचा धंदा आहे, मोठा. भोंगा त्याच्या गोडाउनमध्ये खिळ्याला टांगलेला असतो. त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, मी येतो, भोंगाही आणतो, फुंकायला माणूस बघतो, पण ताई, त्या हॉलचं माझ्या हातात काही नाही. बोर्डावरची सगळी बटणं शून्यावर ठेवली तरी टिन टिनच राहते.

म्हणून टाळी. नेहा मेहंदीचा कोपरा ठरवायला गेली, मी मॅनेजरला विचारलं, पाहुण्यांच्या गाद्या कुठे असतात? त्यानं जिन्याखालची खोली उघडली. छतापर्यंत गाद्या. मला हसू आलं. मी तिथूनच मिलिंदला फोन लावला.

"गाद्या आहेत," मी म्हटलं. "भरपूर. तिन्ही भिंतींना उभ्या करते, वरून संजूचे पडदे. कोणाला दिसणारही नाहीत."

त्याच्या मागे मोटार चालू असल्याचा आवाज येत होता.

"कापसाच्या का फोमच्या?"

मी एक गादी दाबली. ती दबली आणि लगेच वर आली. तेवढ्यावरही समाधान होईना म्हणून मी गाद्यांच्या तोंडाशी उभी राहून टाळी वाजवली. फोम टाळी घेत नाही असं नाही, पण अर्धवट घेतो, आणि उरलेली पातळ करून परत देतो.

"फोमच्या," मी म्हटलं. त्याच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, पहिल्याच ओळीत कळलं असतं.

"मंग राहू दे, दिवाणजी. कॅसेट लाव. तिच्यात मी बरा गातो."

त्यानं फोन ठेवला नाही. मी त्याच्या मोटारीचा आवाज ऐकत उभी राहिले आणि हिशेब केला. पूर्वी लग्न म्हटलं की गाद्या घराघरांतून यायच्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं नाव घातलेलं असायचं, परत करताना अदलाबदल नको म्हणून. त्या गाद्या कुठे गेल्या? कुठेही गेल्या नाहीत. प्रत्येकाच्या माळ्यावर आहेत, दिवाणखाली आहेत, टाकवत नाहीत आणि वापरवत नाहीत. माझ्याकडेच माझ्या लग्नातली आहे, सलीमनं भरलेली. एवढ्या वर्षांत एकदाही पिंजून घ्यावी लागली नाही.

"कापसाच्या आणते," मी म्हटलं.

"इतक्या कुठून आणशीन?"

"ते माझ्यावर सोड. तू शेवटचं कडवं विसरला तर नाहीस?"

"रोज म्हणून राह्यलो," तो म्हणाला. "मोटारीजवळ. तिथं कोनी नसते."

नेहा आली. मी तिला म्हटलं, पत्रिका छापायला टाकू नकोस, एक ओळ बदलायची आहे. कृपया आहेर आणू नये, त्याच्याखाली टाकायचं, एक कापसाची गादी आणावी, परत मिळेल, कोपऱ्यात नाव घालावे.

"पत्रिकेत गादी?" ती म्हणाली.

"हो."

"आई, तिकडचे लोक काय म्हणतील? त्यांना वाटेल आपण झोपायची सोय केली नाही."

"त्यांना एसी रूम दिल्या आहेत. तिकडच्यांनी नाही आणली तरी चालेल."

मग तिनं हॉलच्या मधोमध जाऊन स्वतः एक टाळी वाजवली आणि मान वर करून ती कुठे जाते ते ऐकलं. मोबाइल काढून ती ओळ लिहायला लागली.

पत्रिका छापून येईपर्यंत थांबायची मला गरज वाटली नाही. सुरुवात जवळच्यांपासून करावी म्हणून मंगलला साखरखेर्ड्याला फोन लावला. ती कपडे वाळत घालत होती.

"लग्नाला येतांना एक गादी आणजो. कापसाची," मी म्हटलं.

"काऊन? झोपायले जागा नाही का तिथं?"

"झोपायले नाही. ऐकायले."

तारेवर कपडा झटकल्याचा आवाज आला.

"सरकी?" ती म्हणाली.

"हाव."

"त्या टिनाखाली?"

"हाव."

"एक आणू का दोन?"